रक्ताच्या नमुन्यातून लाल पेशी काढायच्या: कोणती पद्धत वापरता आणि का?

शुभ्रकमळ

नमस्कार मंडळी. इथे पॅथॉलॉजी लॅबमधले, संशोधनातले, पशुवैद्यक असे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. पेशींच्या विश्लेषणावर बोलणं निघालं की सगळा वेळ अँटिबॉडी, पॅनेल आणि सॉफ्टवेअरवर जातो. त्याआधीच्या ज्या दहा-पंधरा मिनिटांत लाल पेशी घालवल्या जातात, त्यावर कोणी थांबत नाही. प्रोटोकॉलमध्ये "लाल पेशी लाइज करा" (म्हणजे फोडा; या फोडण्यालाच लायसिस म्हणतात) एवढी एक ओळ असते आणि लगेच पुढची पायरी. पुढे काय दिसणार आणि काय दिसणारच नाही, यातलं पुष्कळसं त्या ओळीत ठरून जातं असं माझं ठाम मत आहे.

लाल पेशी काढायच्याच कशाला? आकडे बघा. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४० ते ५५ लाख लाल पेशी आणि ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी. म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे पाचशे ते हजार लाल. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून लेझरसमोर नेऊन वाचणारं यंत्र) सेकंदाला दहा हजार पेशी वाचतोय असं धरा आणि रक्त नुसतं पातळ करून घाला, तर त्यात पांढऱ्या पेशी दहा ते वीसच येतील. तुम्हाला हवी असलेली पेशी लिम्फोसाइटपैकी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दोन टक्के असेल, तर तासभर यंत्र चालवून जेमतेम तीन-चारशे हाती लागतील. म्हणून गर्दी हटवावी लागते.

सगळ्यात जास्त चालते ती अमोनियम क्लोराइडची पद्धत. एक लिटरला ८.०२ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, १ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट, ३७ मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४. हा बफर पातळ असल्यामुळे पेशी पाणी ओढून फुटतात अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. १५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडचा परासरण दाब रक्तद्रवाच्या आसपासच असतो. नुसत्या दाबावर काम चालत असतं तर लाल आणि पांढऱ्या दोन्ही पेशी सारख्याच फुटल्या असत्या.

होतं ते असं. अमोनियमचा थोडा भाग अमोनियाच्या रूपात असतो. त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पेशीपटलातून सहज आत जातो आणि आत पुन्हा अमोनियम बनतो. कार्बन डायऑक्साइडही आत शिरतो आणि कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम त्याचं झटक्यात बायकार्बोनेट करतं. ते बायकार्बोनेट बाहेर सोडून बदल्यात क्लोराइड आत घेणारं बँड ३ नावाचं प्रथिन लाल पेशीच्या पटलावर दाटीने असतं. एकूण हिशेब असा, की पेशीत अमोनियम क्लोराइड साठत जातं, त्याच्या मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते आणि फुटते. याला जेकब्ज-स्ट्यूअर्ट चक्र म्हणतात. पांढऱ्या पेशींकडे हे एन्झाइम आणि हे प्रथिन त्या प्रमाणात नसतं, म्हणून त्या तग धरतात. पण तग धरणं म्हणजे कायमचं वाचणं नाही. पंधरा मिनिटांचं काम अर्ध्या-पाऊण तासावर गेलं की त्यांच्यावरही ताण येतो, आधी ग्रॅन्युलोसाइटवर (कणीदार पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल त्यातलेच).

काम झालं हे ओळखायची माझी आवडती रीत म्हणजे ट्यूबमागे छापील कागद धरायचा. सुरुवातीला द्रव लाल आणि गढूळ असतो, अक्षरं मुळीच दिसत नाहीत. पाच-सात मिनिटांनंतर कधीतरी गढूळपणा एकदम उतरतो आणि मागच्या ओळी वाचता येतात. रंग मात्र लालच राहतो, कारण हिमोग्लोबिन ट्यूबमध्येच आहे, फक्त आता पेशींच्या बाहेर. नवीन मुलं रंग जायची वाट बघत बसतात. तो फिरवून वरचा द्रव टाकल्याशिवाय जाणार नाही.

आता मूळ मुद्दा. लाल पेशी काढणारी प्रत्येक पद्धत त्यांच्यासोबत आणखी काहीतरी नेते. लायसिसमध्ये सगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी राहतात, पण फुटलेल्या पेशींचा कचराही राहतो. डेन्सिटी ग्रेडियंटमध्ये (घनतेनुसार थर पाडून वेगळं करण्यात) स्वच्छ मोनोन्यूक्लिअर पेशी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) मिळतात, पण न्यूट्रोफिल हातचे जातात. फॉर्मल्डिहाइड असलेलं लायसिंग सोल्यूशन वापरलं तर नमुना टिकतो, पण पेशी मेलेल्या असतात. कल्चरचा प्रश्न संपला. म्हणून आधी विचारायचं की मला कोणती पेशी हवी, जिवंत हवी का, मोजायची आहे की वाढवायची आहे. बाटली त्यानंतर उघडायची. तुमच्याकडे हा निर्णय कसा होतो ते लिहा. अडचणीही लिहा.

जिज्ञासू_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, पण छान समजलं. एक शंका आहे. रक्त थोडा वेळ उभं ठेवलं की लाल पेशी आपोआप खाली बसतात ना? मग फोडायच्या कशाला, वरचा भाग उचलला की झालं!

शुभ्रकमळ

शंका रास्त आहे, आणि त्यावर आधारलेल्या पद्धती आहेतही. नुसतं उभं ठेवलं तर वेळ फार लागतो आणि थर नीट वेगळे होत नाहीत. म्हणून रक्तात डेक्स्ट्रान मिसळतात. त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटून चळतीसारख्या रचल्या जातात, जड होतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सेंट्रीफ्यूजशिवाय खाली बसतात. न्यूट्रोफिलवर काम करणाऱ्यांना ही पद्धत आवडते, कारण ते वरच्या द्रवात राहतात. तरी थोड्या लाल पेशी वर उरतातच, त्यांच्यासाठी शेवटी थोडं लायसिस करावंच लागतं.

सेंट्रीफ्यूज केलं तर लाल पेशींच्या वर पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो, तो बफी कोट. पण तो उचलताना खालच्या लाल पेशी बक्कळ येतात.

आणि हो, दर वेळी लाल पेशीच नकोशा असतात असंही नाही. मलेरियाच्या परजीवीचा डीएनए वाचायचा असेल तर नेमकं उलटं करतात. परजीवी लाल पेशीत असतो, लाल पेशीला केंद्रक नाही, म्हणजे माणसाचा डीएनए येतो तो पांढऱ्या पेशींतून. तिथे रक्त सेल्युलोजच्या थरातून गाळून पांढऱ्या पेशी अडवतात आणि लाल पुढे जाऊ देतात.

दीपज्योत

ताई, वेळेवर धागा काढलात! मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी माणसाच्या रक्तावर काम करतेय. १०० मायक्रोलिटर रक्त, २ मिली लायसिस बफर, दहा मिनिटं, मग पाच मिनिटं स्पिन. काही नमुन्यांचा पेलेट (फिरवल्यावर तळाशी बसलेला गोळा) पांढरा येतो, काहींचा गडद लाल. बफर तोच, सेंट्रीफ्यूज तेच. लाल पेलेट आला की मी पुन्हा बफर घालते, मग पेलेट पांढरा होतो पण फ्लोवर मेलेल्या पेशी जास्त दिसतात. दुसऱ्यांदा लाइज करणं चुकीचं आहे का? आणि डॉट प्लॉटवर (फ्लोचा ठिपक्यांचा आलेख) डावीकडे खालच्या कोपऱ्यात एवढा ढीग कसला असतो?

न्यूबाऊर

ताईंच्या आधी मी थोडं लिहितो. मी रुग्णांचे नमुने बघणारा तंत्रज्ञ आहे, फ्लोवर रोज नसतो. पण "बफर तोच, नमुना वेगळा" ही गोष्ट आम्हाला पाठ आहे.

आधी जुनं. हाताने टीएलसी (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या) करायचो तेव्हाही लाल पेशी फोडूनच काम व्हायचं. टर्क फ्लुइड म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड आणि त्यात जेन्शियन व्हायोलेट. ॲसिड लाल पेशी फोडतं, रंग पांढऱ्या पेशींच्या केंद्रकात बसतो. रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत, फ्लुइड ११ पर्यंत, म्हणजे एकास वीस. न्यूबाऊर चेंबरच्या (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजायच्या आणि ५० ने गुणायचं. पेशी मारूनच मोजतोय, त्यामुळे जिवंत-मेलेल्याचा प्रश्नच नव्हता. काम मोजण्याचं होतं, त्याला हे ॲसिड पुरेसं होतं. ताईंचा "आधी विचारायचं" हा मुद्दा मला म्हणूनच पटला.

आता लाल पेशी फुटत नाहीत त्याबद्दल. सगळ्यांच्या लाल पेशी सारख्या हट्टी नसतात. थॅलेसेमिया, सिकल सेल, लोहाची कमतरता, यकृताचे जुनाट आजार यांत टार्गेट सेल किंवा चपट्या पेशी असतात. त्यांना फुगायला जागा जास्त असते, म्हणून त्या फुटायला वेळ घेतात. नवजात बाळाचं आणि नाळेचं रक्तही असंच. उलट स्फेरोसायटोसिसमध्ये पेशी आधीच गोल असतात, त्या लगेच फुटतात. काउंटर मशीनमध्ये न फुटलेल्या पेशी पांढऱ्यांत धरल्या जातात आणि टीएलसी खोटा वाढतो. असा रिपोर्ट आला की स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) बघितल्याशिवाय आम्ही सोडत नाही.

दुसरा घोळ केंद्रक असलेल्या लाल पेशींचा. बाहेरचं आवरण फुटतं, पण केंद्रक राहतं आणि मशीन त्याला पांढरी पेशी समजतं. नव्या मशीन ते वेगळं मोजतात. जुन्यावर स्मिअर बघून दुरुस्ती करायची: आलेला आकडा गुणिले १००, भागिले १०० अधिक दर शंभर पांढऱ्यांमागे दिसलेल्या केंद्रकी लाल पेशी. टीएलसी २०,००० आणि अशा पेशी २५ असतील तर खरा आकडा १६,०००. चार हजारांचा फरक आहे, उपचार बदलू शकतो.

तेव्हा दीपज्योत, पेलेट लाल आलेल्या नमुन्यांचा सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) काढता आला तर एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) आणि रेटिक (रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या लाल पेशी) बघा. उत्तर तिथे असू शकतं.

शुभ्रकमळ

न्यूबाऊर सर, फार मोलाचं लिहिलंत. नवजात बाळाच्या मुद्द्याला एक जोड देते. त्यांच्या लाल पेशींमध्ये कार्बोनिक अनहायड्रेज मोठ्यांपेक्षा बरंच कमी असतं. वर लिहिलेलं चक्र ज्या एन्झाइमवर फिरतं तेच कमी, म्हणजे अमोनियम क्लोराइडला वेळ लागणारच.

दीपज्योत, दुसऱ्यांदा लाइज करणं चूक नाही, पण तो शेवटचा उपाय ठेव. प्रत्येक फेरीत पांढऱ्या पेशी बफरमध्ये आणखी वेळ राहतात, वर एक स्पिन जास्त. त्याआधी या गोष्टी तपास.

बफर कोणत्या तापमानाला आहे? फ्रिजमधून काढून तसाच घातला तर पेशी फुटणं मंदावतं, कारण बँड ३ ची देवाणघेवाण थंडीत फार हळू चालते. १०एक्स (दहापट तीव्र) साठा फ्रिजमध्ये ठेव, १एक्स (वापरायचं पातळ) त्या दिवशीच बनव आणि खोलीच्या तापमानाला येऊ दे. आठवडाभर उघडझाप झालेली १एक्सची बाटली वापरू नकोस. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर सरकतो, आणि तुला वाटतं बफर तोच आहे.

रक्त बफरमध्ये कसं मिसळतेस? रक्त घट्ट असतं, ट्यूबच्या तळाला बसून राहतं. वरून २ मिली बफर सोडला आणि ट्यूब स्टँडला लावली तर तळाशी लाल पेशींचा जाड थर तसाच राहतो. बफर घातल्याबरोबर हलक्या हाताने व्होर्टेक्स कर किंवा दोन-चार वेळा उलटसुलट कर. ट्यूबच्या भिंतीला, बफर पोचणार नाही इतक्या वर, रक्ताचा ओघळ राहिला असेल तर तोही पुढे खाली उतरतो आणि पेलेट लाल करतो. पिपेटचं टोक तळाशी नेऊन रक्त सोडलं की हा त्रास वाचतो.

तू वेळ घड्याळावर मोजतेस, त्याऐवजी कागदाची खूण वापर. एखाद्या नमुन्याला सहा मिनिटं पुरतील, एखाद्याला चौदा. पारदर्शक झाला की लगेच स्पिन, ३०० ते ५०० जी, पाच मिनिटं. एकदम बारा-पंधरा ट्यूबमध्ये बफर घालून बसू नकोस, पहिलीला आणि शेवटचीला वेगवेगळा वेळ मिळतो.

आता कोपऱ्यातला ढीग. फुटलेल्या लाल पेशींची रिकामी आवरणं, प्लेटलेट्स आणि इतर कचरा तिथे असतो. आवरणांना घोस्ट म्हणतात. वॉशने बरेच जातात, सगळे नाही. थ्रेशोल्ड (यंत्र कोणत्या आकारापासून नोंद घेईल ती मर्यादा) वाढवून ते लपवता येतात, पण लहान आकाराची पेशी शोधत असशील तर तीही लपेल. त्यापेक्षा सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) लाव आणि त्यावर गेट घे, म्हणजे तेवढ्याच पेशी निवड. सीडी४५ कमी असलेल्या पेशी हव्या असतील, जसं ल्युकेमियातल्या ब्लास्ट (अपक्व पेशी), तर सीडी२३५ए लावून लाल वंशाच्या पेशी वेगळ्या काढ. पेलेटमध्ये न फुटलेल्या लाल पेशी आहेत की फक्त रंग आहे, हेही त्यावरून कळेल.

आकडेमोड

मी सिंगल सेल आरएनए (एकेका पेशीचं वेगळं वाचलेलं आरएनए) डेटाचं विश्लेषण करते. लॅबमधलं काम माझं नाही, पण तिथे लाल पेशी राहिल्या की त्या माझ्या स्क्रीनवर येतात. प्रौढ लाल पेशीत आरएनए जवळपास नसतं, पण रेटिक्युलोसाइटमध्ये ग्लोबिनचं भरपूर असतं. अख्ख्या रक्ताच्या मेसेंजर आरएनएमध्ये निम्म्याहून जास्त वाटा ग्लोबिनचा असतो. सिक्वेन्सिंगचा खर्च त्यावर जातो.

त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे लायसिसमध्ये फुटलेल्या पेशींचं आरएनए द्रवात मोकळं फिरतं आणि पेशी ज्या बारीक थेंबांत एकेक बंद करतात, त्या प्रत्येकात थोडं थोडं शिरतं. मग टी पेशीसुद्धा थोडं हिमोग्लोबिन बनवतेय असं दिसतं. ते गणिताने वजा करता येतं, पण बारीक फरक त्यात पुसले जातात. म्हणून सिंगल सेलसाठी नमुना देणाऱ्यांना माझी विनंती असते की लायसिसनंतर एक वॉश जास्त द्या आणि मायक्रोस्कोपखाली बघून लाल पेशी किती उरल्या ते लिहून पाठवा. तो आकडा हाती असला की विश्लेषणात कुठे सावध राहायचं ते मला कळतं.

थरावर_थर

शुभ्रकमळ यांनी डेन्सिटी ग्रेडियंटचा एका वाक्यात निकाल लावला, त्यावर जरा सविस्तर लिहितो. माझं काम टी पेशी वाढवण्याचं आहे आणि त्यासाठी मी ग्रेडियंटच निवडतो.

ही पद्धत नॉर्वेच्या अर्ने बोयुम यांनी १९६८ मध्ये मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. फायकॉल आणि सोडियम डायट्रिझोएट यांचं १.०७७ घनतेचं द्रावण खाली, त्यावर समप्रमाणात पीबीएस (क्षारांचा बफर) घालून पातळ केलेलं रक्त. ४०० जी ला तीस मिनिटं, १८ ते २० अंश, ब्रेक बंद. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हलके, ते द्रावणाच्या वर थांबतात. ग्रॅन्युलोसाइट जड, खाली जातात. लाल पेशी जड तर असतातच, शिवाय फायकॉलला भिडल्या की त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या भराभर तळ गाठतात. वर पिवळसर प्लाझ्मा, मग ढगाळ पांढरी कडी, मग स्वच्छ फायकॉल, तळाशी लाल. ती कडी नीट उचलली की काम झालं. दर मिलिलिटर रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात.

बिघडतं कुठे? रक्त ओतताना. ट्यूब तिरकी धरून पिपेटचं टोक भिंतीला लावायचं आणि रक्त इतकं सावकाश सोडायचं की ते फायकॉलवर पसरत जाईल. रेघ मोडली, रक्त द्रावणात बुडालं, की कडी फिकट येते. दुसरं, ब्रेक. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर हलतात आणि तीस मिनिटांचं काम शेवटच्या मिनिटात वाया जातं. तिसरं, थंड रक्त. गुठळ्या हळू बनतात, वेगळं होणं लांबतं, उतारा घटतो. आणि चौथं, जे फार कमी जण सांगतात, ते म्हणजे शिळं रक्त. दिवसभराहून जास्त ठेवलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते, ते खाली न जाता कडीत राहतात आणि पुढे कल्चरमध्ये टी पेशींचं काम बिघडवतात. पेशी फ्रीझ करून ठेवायच्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ग्रॅन्युलोसाइट गोठवणं-वितळवणं सहन करत नाहीत. ते फुटतात, डीएनए बाहेर येतं आणि सगळ्या पेशी चिकट गोळा होऊन बसतात. म्हणून मी लायसिस केलेल्या पेशी कधीच गोठवत नाही.

ज्यांना ठरावीक पेशी आणि तीही न हाताळलेली हवी, त्यांच्यासाठी चुंबकीय मणी आहेत. सीडी२३५ए ला चिकटणारे मणी लाल पेशी धरून ठेवतात, बाकी सगळं मोकळं राहतं. पेशींना ना बफरचा ताण, ना लांब स्पिन. महाग आहेत, आणि लाल पेशींची संख्या बघता मोठ्या नमुन्याला मणीही तेवढेच लागतात. मी ते लहान नमुन्यांपुरतेच वापरतो.

वनपिंगळा

पशुवैद्यकांच्या वतीने एक कळकळीची सूचना: माणसाचा प्रोटोकॉल उचलून प्राण्यांना लावू नका.

उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काढताना हाच बफर एक-दोन मिनिटांत काम करतो. लगेच भरपूर मीडियम घालून थांबवावं लागतं. तिथे माणसाची दहा मिनिटं लावली तर लिम्फोसाइटही हातचे जातील. उंटाच्या लाल पेशी लंबगोल, त्यांना पाण्याने फोडणं महाकठीण; भरपूर पाणी एका दमात पिणाऱ्या प्राण्याच्या पेशी आहेत त्या.

खरा प्रश्न पक्ष्यांचा. पक्षी, सरपटणारे प्राणी, बेडूक, मासे यांच्या लाल पेशींना केंद्रक असतं. लाइज केलं की लाखो केंद्रकं मोकळी होतात, त्यांचं डीएनए सुटून नमुन्याचा चिकट दोरा होतो. पिपेटमध्ये ओढताच येत नाही. केंद्रक रंगवून पांढऱ्या पेशी ओळखायची युक्तीही इथे चालत नाही. म्हणून कोंबडीच्या रक्तात पांढऱ्या पेशी मोजायला लाल पेशी फोडायच्याच नाहीत. १९५२ पासून नॅट-हेरिक द्रावण त्यासाठी वापरतात. रक्त एकास दोनशे पातळ करायचं, पांढऱ्या पेशी गडद निळ्या-जांभळ्या दिसतात, लाल फिकट राहतात, आणि डोळ्यांनी मोजायचं. वेळखाऊ आहे, नजर तयार व्हावी लागते, पण भरवशाचं आहे. जिवंत लिम्फोसाइट हवे असतील तर ग्रेडियंट किंवा मंद वेगाचा स्पिन. न फोडता वेगळं करणं हाच पक्ष्यांच्या बाबतीत मार्ग.

दीपज्योत

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीवरचा ओघळ आणि फ्रिजमधला थंड बफर, दोन्ही गोष्टी आमच्याकडे आहेत, उद्याच बदलते. आणखी एक विचारू का? आधी स्टेन (रंगीत अँटिबॉडी लावणं) आणि मग लाइज, की आधी लाइज आणि मग स्टेन? आमच्या लॅबमध्ये दोघी दोन पद्धतीने करतात. आणि वॉश न देता सरळ यंत्रावर लावलेलं चालतं का?

शुभ्रकमळ

नेहमीच्या सरफेस मार्करना (पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा) आधी स्टेन, मग लाइज, हे सोयीचं. अँटिबॉडी पेशींना त्यांच्या मूळ वातावरणात भेटतात, नमुना कमी लागतो.

एका ठिकाणी मात्र हा क्रम घात करतो. बी पेशींवरच्या कॅपा आणि लॅम्डा (इम्युनोग्लोब्युलिनच्या हलक्या साखळ्या) बघायच्या असतील तर प्लाझ्मातही त्याच साखळ्या असलेलं इम्युनोग्लोब्युलिन भरलेलं असतं. तुझी अँटिबॉडी तिथेच संपते आणि बी पेशी कोऱ्या दिसतात. लिम्फोमाच्या निदानात हे महागात पडेल. तिथे आधी लाइज, मग दोन-तीन चांगले वॉश, मग स्टेन.

फॉर्मल्डिहाइडवालं लायसिंग सोल्यूशन असेल तर व्हायबिलिटी डाय (जिवंत-मेलेल्या पेशी ओळखायचा रंग) त्याआधी लावायचा, आणि तोही फिक्सेशन सोसणारा. नंतर लावलास तर सगळ्याच पेशी मेलेल्या दिसतील. पीई-साय७ सारखे जोडरंग त्या सोल्यूशनमध्ये फार वेळ राहिले तर तुटायला लागतात, आणि एका रंगाचा सिग्नल दुसऱ्यात दिसतो. अंधारात ठेव आणि लवकर वाच.

वॉश न देणं हे टक्केवारीसाठी नाही, खऱ्या संख्येसाठी करतात. प्रत्येक स्पिनमध्ये थोड्या पेशी वरच्या द्रवाबरोबर जातातच, किती ते सांगता येत नाही. सीडी४ पेशींची (एक प्रकारच्या टी पेशी) प्रति मायक्रोलिटर संख्या हवी असते तेव्हा ठरावीक रक्त, ठरावीक मोजणीचे मणी, लायसिस, आणि वॉश न देता थेट यंत्रावर. कचरा जास्त दिसतो, तो गेटने बाजूला काढायचा. रक्त मोजून घेण्यात चूक झाली तर उत्तर तेवढंच चुकतं, म्हणून इथे पिपेट तपासून घेतलेली हवी आणि टोकाबाहेरचं रक्त पुसून मगच सोडायचं.

न्यूबाऊर

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. लाइज केलेल्या नमुन्याचा वरचा द्रव कुठे टाकता? रक्ताचा कचरा म्हटला की हात सवयीने हायपोक्लोराइटच्या डब्याकडे जातो. अमोनियम क्लोराइडच्या बफरवर हायपोक्लोराइट ओतलं की क्लोरामाइन वायू तयार होतो. डोळे आणि घसा चुरचुरतो, बंद खोलीत जास्त प्रमाणात झालं तर फुप्फुसांना इजा होते.

शुभ्रकमळ

बरं झालं आठवण केलीत, हे माझ्या पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं. अमोनियमवाला द्रव वेगळ्या, झाकणाच्या बाटलीत गोळा करायचा आणि ऑटोक्लेव्ह करायचा, किंवा तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी मान्य केलेलं, क्लोरीन नसलेलं जंतुनाशक वापरायचं. फॉर्मल्डिहाइडवाला द्रव ऑटोक्लेव्हमध्येही घालायचा नाही आणि ब्लीचमध्येही नाही, तो रासायनिक कचऱ्यात. बाटलीवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा, कारण संध्याकाळी ती उचलणाऱ्या व्यक्तीला आपला प्रोटोकॉल माहीत नसतो.